शॉक : रक्तदाब सावरणारी औषधे

‘रुग्ण शॉकमध्ये गेला आहे,’ असे डॉक्टरांनी सांगितले, की अनेकांना मानसिक धक्का आठवतो. वैद्यकशास्त्रात मात्र अवयवांना पुरेसा रक्तपुरवठा व प्राणवायू न मिळण्याच्या अवस्थेला शॉक म्हणतात. नाडी जलद व क्षीण होणे, लघवी कमी होणे, भान हरपणे ही त्याची काही लक्षणे. उपचार मात्र कारणानुसार बदलतात.

रक्तस्रावात किंवा तीव्र अतिसारात रक्तवाहिन्यांतील द्रवच घटतो. तेथे रक्तस्राव थांबवणे आणि रक्त अथवा सलाइन देणे हाच मुख्य उपचार. जंतुसंसर्गामुळे होणाऱ्या शॉकमध्ये मात्र रक्तवाहिन्या शिथिल होऊन रुंदावतात. सलाइननेही रक्तदाब सावरत नसेल, तर त्या आकुंचित करणारी ‘व्हॅसोप्रेसर’ औषधे द्यावी लागतात.

या औषधांत पहिली पसंती नॉरअॅड्रिनॅलिनला असते. पूर्वी डोपामिनचा वापर सर्रास होई. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,६७९ रुग्णांवरील युरोपीय चाचणीत दोन्ही औषधांच्या मृत्युदरात लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण डोपामिन गटात सुमारे २४, तर नॉरअॅड्रिनॅलिन गटात सुमारे १२ टक्के होते.

सरासरी रक्तदाब ६५ मिलिमीटर पारा राखणे हे सुरुवातीचे उद्दिष्ट असते. मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा हातावरील शिरेतून औषध सुरू करावे, असे २०२१ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सुचवतात. औषध शिरेबाहेर झिरपल्यास त्वचा व स्नायू मृत होऊ शकतात. मात्रा फार वाढल्यास बोटांचा आणि आतड्याचा रक्तपुरवठा घटतो. म्हणूनच ते पंपाद्वारे मोजून देतात आणि रुग्णावर सतत लक्ष ठेवतात.

तीव्र अॅलर्जीच्या शॉकमध्ये प्रथम अॅड्रिनॅलिनच द्यावे लागते. प्रौढांना ०.५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन मांडीच्या स्नायूत देतात. तेथे विलंब जिवावर बेततो.

कोकणातील विंचूदंश मात्र वेगळा धडा देतो. लाल विंचवाच्या विषाने शरीरातच अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. त्यामुळे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या प्राझोसिनचा वापर केला आणि त्यातून अनेकांचे प्राण वाचले.

रक्तदाबाचा आकडा सुधारला म्हणजे आजार बरा झाला, असे नव्हे. व्हॅसोप्रेसर केवळ अवधी मिळवून देतात. त्या अवधीत प्रतिजैविके देऊन किंवा शस्त्रक्रिया करून मूळ कारण दूर करणे आवश्यक असते.