धुळ्याची पेठ आणि सहकारी घरें

इ. स. १८१९ मध्यें कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें खानदेशाचें मुख्य ठाणें धुळ्यास केलें. तेव्हां त्या गांवांत अवघीं ४०१ घरें आणि २,५०९ माणसें होतीं. नुसतें फर्मान काढून पेठ वसत नाहीं. ब्रिग्जनें घरांसाठीं जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या; जुना रहिवासी असो वा परका, पक्कें घर बांधणारास सरकारांतून आगाऊ रक्कमही दिली. १८७२ सालीं पांझरेच्या पुरांत शेंकडों घरें गेलीं, तरी धुळें उठलें नाहीं.

जागा आणि दीर्घ मुदतीचें कर्ज, हींच घराचीं खरीं दोन गरजा. धुळ्यांत त्या एका अधिकाऱ्याच्या मर्जीनें भागल्या. तशी मर्जी नसेल तेथें भाडेकऱ्यानें काय करावें? १९०४ च्या कायद्याखालीं केवळ पतपेढ्या निघत. १९१२ च्या कायद्यानें इतर सहकारी संस्थांस व त्यांच्या संघांसही वाट मोकळी झाली. एरवीं आधीं संस्था निघतात आणि मग त्यांचा संघ होतो. मुंबईंत मात्र क्रम उलटा झाला! घरबांधणीच्या प्रचारार्थ बॉम्बे को-ऑपरेटिव्ह हाउसिंग असोसिएशन १९१३ त स्थापन झाली, आणि रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या खटपटीनें गांवदेवीची सारस्वत गृहसंस्था १९१५ त. तिची इमारत संस्थेच्या मालकीची. सभासद तिचा भाडेकरीही आणि भागीदारही.

मध्यवर्ती मंडळाची गरज येथेंच श्रोत्यांच्या ध्यानीं येईल. दहावीस कुटुंबांस निर्दोष उपविधि लिहितां येत नाहींत. जमिनीसाठीं सरकारदरबारीं त्यांचा एकेकट्याचा आवाज पोंचत नाहीं. पेढीच्या ठेवी थोड्या मुदतीच्या, घराचें कर्ज फिटावयास मात्र वीस वर्षें लागतात. ही तोंडमिळवणी एकटी संस्था कशी करणार?

जळगांवांत निराळा मार्ग धरला गेला. नगरपालिकेनें विसाव्या शतकाच्या अखेरीस गरिबांसाठीं ११,४२४ घरकुलें योजिलीं. पुरीं झालीं तीं सुमारें १,५००. तेथें राहावयास जाणारीं माणसें कोणत्याही संस्थेचीं सभासद नव्हतीं. वार्षिक सभेंत उभें राहून हिशेब मागण्याचा हक्क त्यांस नव्हता. तो हिशेब अखेर न्यायालयानें मागितला. २०१९ च्या ऑगस्टांत या प्रकरणीं ४८ जणांस दोषी ठरविणारा निकाल लागला, तो धुळ्याच्या विशेष न्यायालयांत.