काडीमोड आणि हिमालयातील बौद्ध जमाती

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावाजवळ १९७२ साली ‘नोर्ग्येलिंग’ ही तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली आणि हिमालयापलीकडचा बौद्ध समाज आपला शेजारी झाला. त्या पर्वतप्रदेशातील विवाहरूढींविषयी आपल्याकडे कुतूहलाने, क्वचित कुचेष्टेनेही बोलले जाते. या रूढी बौद्ध धम्माने घालून दिल्या, हा त्यातील सर्वात मोठा गैरसमज होय.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात पतीची आणि पत्नीची प्रत्येकी पाच कर्तव्ये सांगितली. विवाहास अतूट संस्कार मात्र ठरविले नाही. विवाहाचा आकार ठरविला तो भूमीने. किन्नौरमध्ये तुटपुंजी शेती विभागली जाऊ नये म्हणून भावाभावांत एकच पत्नी असे. स्पितीत हाच पेच निराळ्या रीतीने सुटला. जमीन थोरल्याकडे जाई आणि धाकटे गोम्पात भिक्षू होत. लडाखमध्ये बौद्धांतील बहुपतित्व १९४१ च्या कायद्याने निषिद्ध ठरले.

घटस्फोटाची रीत अधिक बोलकी आहे. किन्नौरमध्ये दोन्हीकडच्या माणसांसमक्ष पती-पत्नी वाळकी काडी मोडीत. स्पितीत दोघे करंगळीत एकाच धाग्याची टोके धरीत आणि तो धागा मधोमध जाळून तोडला जाई. येथे आपल्या भाषेतील ‘काडीमोड’ हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. दोहोंचे नाते जोडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु पुरोहिताविना, पंचांसमोर विवाहबंध सोडविण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक श्रमिक जातींतही होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २९ मध्ये रूढिगत घटस्फोट मान्य केला आहे. हा कायदा बौद्धांना लागू आहे, अनुसूचित जमातींना नाही. त्यामुळे अर्जुनीचा बौद्ध उपासक या कायद्याखाली येतो आणि किन्नौरचा बौद्ध आदिवासी आपल्या रूढीखाली राहतो.

या मोकळ्या रूढीचे कौतुक करणारे एक प्रश्न टाळतात. काडी मोडून निघालेल्या स्त्रीने जावे कोठे? परंपरेने तिकडे मुलीला पित्याच्या जमिनीत वाटा नाही. घटस्फोट आणि स्त्रीचा वारसा हे दोन्ही हक्क डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात एकत्र गुंफले होते. ते बिल रखडणे हे त्यांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. पुढे हे हक्क १९५५ व १९५६ च्या दोन स्वतंत्र कायद्यांत आले, तेव्हा दोहोंतूनही अनुसूचित जमाती वगळल्या गेल्या. अधिसूचना काढून ते त्यांना लागू करण्याचा अधिकार मात्र दोन्ही कायद्यांच्या कलम २ ने केंद्र सरकारकडे ठेवला आहे.