थांबणे म्हणजे पार्किंग नव्हे!

मागच्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून इकडे इंग्लंडात आली होती. गुडघे दुखतात, म्हणून इमारतीच्या दारातच गाडी थांबवली, तिला हाताला धरून आत सोफ्यावर बसवलं आणि परत आलो. चार मिनिटं! दहा दिवसांनी खासगी पार्किंग कंपनीचं पत्र: १०० पौंड भरा. सोबत फोटो, त्यात माझ्या खांद्यावर हात टाकून चालणारी आई.

चिडून वाचायला बसलो, तर हे भांडण बरंच जुनं निघालं. पूर्वी खासगी जागेतल्या गाडीच्या चाकाला लोखंडी जबडा (क्लॅम्प) लावत आणि पैसे घेतल्याशिवाय काढत नसत. स्कॉटलंडच्या न्यायालयाने १९९२ सालीच याला खंडणी आणि चोरी ठरवलं. इंग्लंडात मात्र इशाऱ्याची पाटी असली की चालायचं. एका बाईंना गाडी चालवताना मळमळू लागलं, त्या कडेला थांबल्या. उलटी करून येईपर्यंत जबडा लागलेला! पाटी त्यांना दिसलीच नव्हती, म्हणून २००० साली अपिलात त्या जिंकल्या.

१ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड-वेल्समध्ये खासगी जागेतला जबडा बंद झाला. पण त्याच कायद्याने, चालक कोण ते कळलं नाही तर काही अटींवर गाडी बाळगणाऱ्याकडून (कीपर) वसुलीची सोयही दिली. जबडा गेला, पत्र आलं. २०१५ साली तर सर्वोच्च न्यायालयाने, दोन तास फुकट असताना ५६ मिनिटं जास्त गाडी ठेवल्याबद्दल घेतलेले ८५ पौंड योग्य ठरवले. कंपन्या खूष!

पण दोन तास गाडी ठेवणं वेगळं आणि दारात थांबणं वेगळं. २०१६ साली ऑक्सफर्डला हाच प्रश्न आला. एक रहिवासी बाई टेबल उतरवायला आपल्या इमारतीच्या दारात थांबल्या होत्या. न्यायाधीश चार्ल्स हॅरिस म्हणाले, चढ-उतार करायला लागतो त्याहून जास्त वेळ गाडी सोडली, तर ते पार्किंग. नुसतं थांबणं म्हणजेच पार्किंग म्हटलं, तर ट्रॅफिक जॅममधल्या सगळ्या गाड्या पार्क केलेल्याच! अशक्त माणसाला आत पोचवण्याचं उदाहरणही त्या निकालात आहे. शिवाय करारातला दारापर्यंत जाण्याचा हक्क कंपनीची पाटी काढून घेऊ शकत नाही.

हा निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण वजन आहे. त्याच्या आधारे मी उत्तर लिहिलं आणि त्यांचाच फोटो पुरावा म्हणून जोडला. तीन आठवड्यांनी मागणी रद्द झाल्याचं दोन ओळींचं पत्र आलं.

फोटो मात्र ठेवलाय. आईचा आणि माझा इथला एकत्र असा तेवढाच आहे.