सात पुरुष, सात स्त्रिया

पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे. ते ज्यांचे, त्या बेने इस्रायली ज्यू समाजाची, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या शनवार तेल्यांची, मूळकथा प्रसिद्ध आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला. या कथेतला स्त्री-पुरुषांचा नेमका समतोल मला शिरगणतीपेक्षा कुळाच्या शुद्धतेची ग्वाही वाटतो. चौदा माणसे केवळ नशिबाने वाचली असती, तर बरोबर सात-सात जुळण्याची शक्यता सुमारे २१ टक्के. हे अशक्य नव्हे. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून वेगळे चित्र दिसते. या समाजाचा ज्यू वारसा मुख्यतः पुरुषांकडून आला, आयांचे वंश बहुतांशी भारतीय आहेत आणि हा संकर १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा आहे.

यावर एक वजनदार आक्षेप घेता येतो. लहान समूहात मातृवंश योगायोगानेही बुडतात. प्रत्येक स्त्रीची सरासरी एकच मुलगी जगत असेल, तर पहिल्याच पिढीत सुमारे ३७ टक्के मातृवंश संपतात. मग त्या सात जणींचे वंश असेच लोपले नसतील कशावरून? पण योगायोग पुरुषवंशांनाही तितकाच छाटतो. एका बाजूच्या पश्चिम आशियाई खुणा टिकाव्यात आणि दुसऱ्या बाजूच्या जवळपास पुसल्या जाव्यात, याला योगायोगापेक्षा स्थानिक सुना हे कारण अधिक पटते. दुसरा आक्षेप रूढीचा. 'गोरे' इस्रायली मिश्र संततीला 'काळे' मानून त्यांच्याशी सोयरीक करत नसत. मग अशा सुना घरात येतीलच कशा? मला वाटते, हे दार नंतर बंद झाले असावे. मूठभर पुरुषांना बायका मिळेनात तेव्हा असा नियम परवडत नाही; समाजात मुली पुरेशा झाल्या की तो पाळता येतो. आणि तशी वेळ लवकर येते. निसर्गतः शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, त्यामुळे पहिल्या पिढीतले व्यस्त प्रमाण तिच्या लेकरांतच जवळजवळ सावरते. नातवंडांना आजूबाजूला जोड्याच दिसतात आणि पूर्वजही तसेच जोडीने आले असे मानणे त्यांना सोपे जाते. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने होणाऱ्या मलिदा या विधीतले पोहे, गूळ, नारळ आणि घरातली मराठी मात्र त्या कोकणी आयांच्या माहेरची असावी.