कंदिलावरचा रेडिओ

परवा बाबांशी बोलताना कारखान्यातल्या वाफेच्या पाइपांचा विषय निघाला. त्यांची उमेदवारी शिडीवर चढून तापमानं वहीत टिपण्यात गेली. हातावर भाजल्याचा डाग अजून आहे. आता तिथे बिनतारी सेन्सर बसतात, काही तर बॅटरीशिवाय, पाइपाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवरच चालतात.

मूळ १८२१ सालचं. दोन धातूंचा सांधा तापवल्यावर सीबेकची होकायंत्राची सुई हलली. गंमत म्हणजे त्याला ते चुंबकत्वच वाटलं. वीज ओळखली ओर्स्टेडने. १९५०च्या दशकात तर सोव्हिएत खेड्यांत रॉकेलच्या कंदिलाच्या उष्णतेवर रेडिओ लागायचा! उष्णतेतले जेमतेम काही टक्केच विजेत उतरतात, पण सेन्सरला मिलिवॅटही पुरतात.

बाबांनी डागावरून बोट फिरवलं. "म्हणजे शिडी नकोच?"