टूरिंग कार, रेडिओ-नियंत्रित : चालकयंत्रणेची निगा
१/१० प्रमाणाच्या टूरिंग कारमध्ये मोटरची शक्ती पिनियनकडून (मोटरवरील लहान गिअर) स्पर गिअरकडे (त्याला भिडणारा मोठा गिअर) आणि तेथून पट्ट्याने किंवा दांड्याने चारही चाकांकडे जाते. वेग हवा असल्यास आधी घर्षण कमी करावे, मगच मोठा पिनियन बसवावा. तामिया टीटी-०२ मध्ये ७० दातांचा स्पर, २२ दातांचा पिनियन आणि २.६ हे अंतर्गत गुणोत्तर मिळून एकूण गुणोत्तर ८.२७ येते. पिनियन वाढवला की हा आकडा उतरतो आणि वेग वाढतो, पण मोटर अधिक तापते. दात घसरू नयेत म्हणून गिअर घट्ट भिडवावेत, असे म्हटले जाते. घसरणीची भीती खरी आहे. पण घट्ट दात शक्ती खातात आणि लवकर झिजतात. दातांमध्ये कागदाची पातळ पट्टी घालून मोटरचे स्क्रू आवळावेत. पट्टी काढल्यावर उरणारा किंचित खेळ स्परच्या पूर्ण फेऱ्यात तपासावा.