घरातील कार्यालय आणि अमेरिकेचा प्राप्तिकर

उत्पन्न मिळवण्यासाठी केलेला खर्च त्या उत्पन्नातून वजा करावा आणि उरलेल्या रकमेवरच कर घ्यावा, हे प्राप्तिकराचे मूलतत्त्व आहे. परंतु राहत्या घरातच व्यवसाय चालत असेल, तर भाडे, वीज आणि घसारा यांचा कोणता हिस्सा व्यवसायाचा व कोणता संसाराचा, हे ठरवणे अमेरिकेच्या करव्यवस्थेला नेहमीच जड गेले. आरंभी न्यायालये उदार होती. घरची जागा कामाला योग्य आणि उपयुक्त असली तरी पुरे, असे मानून १९७० मध्ये एका अपील न्यायालयाने दूरचित्रवाणीवरील जाहिरातींची वेळ विकणाऱ्या पगारदारास, तो रात्री घरच्या अभ्यासिकेत कार्यक्रम पाहत असे म्हणून, ही वजावट मंजूर केली.

खाजगी खर्चच व्यवसायाचा म्हणून दाखवला जाईल, या भीतीने १९७६ च्या करसुधारणा कायद्यात कलम २८०-ए घालण्यात आले. त्यानुसार जागेचा वापर नियमित आणि केवळ व्यवसायासाठीच हवा, म्हणजे दिवसा हिशेबाचे व रात्री जेवणाचे टेबल चालणार नाही. शिवाय ती जागा सामान्यतः व्यवसायाचे मुख्य ठिकाण तरी असावी किंवा ग्राहक तेथे भेटीस तरी येत असावेत, आणि पगारदाराच्या बाबतीत हा वापर नियोक्त्याच्या सोयीसाठी असावा, असे ठरले.

‘मुख्य ठिकाण’ म्हणजे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डॉ. सोलिमन हे भूलतज्ज्ञ तीन रुग्णालयांत काम करीत, मात्र एकाही रुग्णालयाने त्यांना कार्यालय दिले नव्हते. म्हणून रुग्णांच्या नोंदी, देयके आणि वाचन यांसाठी ते व्हर्जिनियातील घराची एक खोली रोज दोन-तीन तास वापरत. खालच्या न्यायालयांनी त्यांच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये फिरवला, कारण कामाचे सापेक्ष महत्त्व आणि त्याला लागणारा वेळ या दोन्ही कसोट्यांवर रुग्णालयेच वरचढ ठरली. दुसरीकडे कोठेही टेबल न मिळालेल्या माणसाला घरच्या टेबलाचा खर्च नाकारणारा हा निर्णय अन्यायाचाच म्हटला पाहिजे, आणि संसदेलाही तो तसाच वाटला असावा. कारण १९९७ च्या कायद्याने, प्रशासकीय कामासाठी अन्यत्र कायमची जागा नसल्यास घरातील कार्यालयच मुख्य ठिकाण मानण्याची तरतूद केली, जी १९९९ पासून लागू झाली.

मधल्या काळातील करवर्षांना मात्र जुनीच कसोटी लागू राहिली. लॉस एंजेलिसमधील एका व्हायोलिनवादिकेच्या १९९३ च्या करासंबंधी २००१ मध्ये निकाल लागला, तेव्हा वादनाचे ठिकाण महत्त्वाचे की सरावाचे, हे ठरेना. अखेर रोजच्या चार-पाच तासांच्या सरावाकडे पाहून अपील न्यायालयाने, जेथे तिच्या मुलीलाही खेळायला मनाई होती, ती बैठकीची खोलीच तिच्या व्यवसायाचे मुख्य ठिकाण मानली.

२०१३ पासून ३०० चौरस फुटांपर्यंत प्रति चौरस फूट ५ डॉलर, म्हणजे जास्तीत जास्त १,५०० डॉलर, अशी सोपी पद्धत उपलब्ध झाली. पगारदारांची वजावट मात्र २०१७ च्या कायद्याने २०१८ ते २०२५ या वर्षांसाठी स्थगित केली, त्यामुळे २०२० च्या महासाथीत घरूनच नोकरी करणाऱ्या लाखो लोकांना केंद्रीय करात तिचा लाभ घेता आला नाही, आणि २०२५ च्या कायद्याने ही बंदी कायमची केली.